शुभेच्छांचं डेप्युटेशन

सुलाबाईंच्या नोकरीच्या ऑर्डरवर पद लिहिलेलं होतं ‘प्राथमिक शिक्षिका’. पण नोकरीच्या पहिल्या चौदा वर्षांत त्या फळ्यापुढं उभ्या राहिल्या जेमतेम दोन वर्षं. बाकीची बारा वर्षं त्यांनी तालुक्याच्या शिक्षण खात्याच्या ऑफिसात, रेकॉर्डरूमच्या दाराआड टाकलेल्या एका टेबलावर बसून कागद कापले.

त्या मूळच्या राणीसावरगावच्या. बौद्ध घरातल्या, आणि घराण्यात पहिल्यांदाच डी.एड. झालेल्या. डी.एड.ला कार्यानुभवाच्या तासाला कागदकाम शिकवायचे. बाकीच्या मुली तो तास कसाबसा काढायच्या. सुलाचा हात मात्र कातरीवर असा बसला की मास्तरही थांबून बघायचे. अठ्ठ्याहत्तर साली विद्यापीठाच्या नावावरून मराठवाड्यात जाळपोळ झाली, तेव्हा कॉलेज बंद पडलं आणि त्या घरी आल्या. त्यांच्या मावशीचं, धुरपताबाईचं, घर त्यात गेलं होतं. मावशी एक पत्र्याची पेटी घेऊन बहिणीकडं राहायला आली होती. त्यानंतर कितीतरी वर्षं घरात ‘नामांतर’ हा शब्द दार लोटून घेतल्यावरच उच्चारला जायचा.

ऐंशी साली नोकरी लागली, खडकमाळ नावाच्या वस्तीवजा गावात. त्याच वर्षी लग्न झालं. नवरा पंडित देवगाव फाट्याजवळच्या गुरांच्या दवाखान्यात ड्रेसर. दोघांच्या नोकऱ्या जिल्ह्याच्या दोन टोकांना. पण नवी नोकरी होती, दोनतीन वर्षांत बदली करून घेऊ, असं दोघांनी ठरवलं.

घात केला तो एका दिवाळीनं. सुलाबाईंनी पोरांकडून कार्डं करून घेतली होती. दुमडलेल्या कार्डशीटवर पणत्यांची ओळ कोरायची, मागून पिवळा पतंगी कागद डकवायचा. कार्ड उजेडापुढं धरलं की पणत्या पेटल्यासारख्या दिसायच्या. तपासणीला आलेल्या साहेबांनी त्यातलं एक उचललं, आपल्या वरच्या साहेबांना दिलं. वरून विचारणा झाली, हे कुणी केलं? आठच दिवसांत शाळेत कागद आला: श्रीमती सुलाबाई यांना कार्यालयीन कामासाठी पंधरा दिवस प्रतिनियुक्तीवर पाठवावे.

“पंधरा दिवसांचंच हाय,” त्यांनी पंडितला पत्र लिहिलं. “साहेबांची ओळख झाली तर बदलीलाबी बरं पडंल.”

पंधरा दिवसांचा महिना झाला, महिन्याचं वर्ष.

ऑफिसातले हेडक्लार्क माणिकराव. साहेब दर तीनचार वर्षांनी बदलायचे, माणिकराव तिथंच. आवाज चढवणं त्यांना माहीतच नव्हतं. कॅलेंडरवर लाल खुणा करून ठेवायचे आणि सकाळी टेबलाशी येऊन हळूच म्हणायचे, “बाई, एक तारखेला नवीन वर्ष. साठ लागतील. आणि सभापतींच्या वाढदिवसाला काहीतरी उघडलं की उभं राहणारं करा.”

सुलाबाई करायच्या. पोळ्याला दोऱ्यावर मान हलवणारा कागदाचा बैल. पंधरा ऑगस्टला तीन रंगांच्या घोटीव कागदाचा मोर. संक्रांतीला टाचणीच्या टोकाएवढे पांढरे गोळे वळून केलेले हलव्याचे दागिने. कुणी निवृत्त झालं की क्रेप कागदाची शाल आणि कागदाचा नारळ. सगळ्या कार्डांवर खाली सही साहेबांची. कार्डं परभणीला जायची, औरंगाबादला जायची, मंत्रालयात जायची. सुलाबाई मात्र रेकॉर्डरूमच्या दाराआड. त्या कोपऱ्याला खिडकी नव्हती. दुपारी उजेड कमी झाला की त्या टेबल दाराकडं ओढायच्या, आणि दार उघडायचं झालं की पुन्हा मागं सरकवायच्या.

त्र्याऐंशी साली मित्रा झाली. लेकरू घेऊन ऑफिसात बसता येईना. खडकमाळला असत्या तर वर्गातल्याच एखाद्या पोरीनं सांभाळलं असतं. शेवटी दहा महिन्यांची मित्रा फाट्यावर सासूच्या, चांगुणाबाईच्या, मांडीवर दिली. शनिवारी दुपारी ऑफिस सुटलं की सुलाबाई एसटीनं परभणी गाठायच्या, तिथून सेलूची गाडी, सेलूहून मिळेल त्यानं फाटा. रविवारी जेवण झालं की परत. दिवाळी, नवीन वर्ष, संक्रांत असे कार्डांचे दिवस आले की तो रविवारही जायचा.

दर मे महिन्यात त्या बदलीचा अर्ज द्यायच्या. अर्ज माणिकरावांच्या टेबलावरूनच पुढं जायचा. ते चष्मा लावून पूर्ण वाचायचे.

“नवरा-बायको एका ठिकाणी. कारण अगदी रास्त आहे, बाई,” ते म्हणायचे. “पण तुम्ही गेल्यावर इथलं कोण बघणार, सांगा बरं?”

अर्ज त्यांनी कधी फाडला नाही, कधी नामंजूरही केला नाही. फायलीला लावायचे. एकदा एक साहेब चार्ज देताना नव्या साहेबांना म्हणाले, “ही जीप, हा टाइपरायटर आणि ह्या आमच्या सुलाबाई.” सगळं ऑफिस हसलं. सगळ्यांसमोर होतं म्हणून सुलाबाईही हसल्या.

“बिघडव की एखादं,” पंडित एका रविवारी म्हणाला. “चांगलं करायलीस म्हणून धरून ठिवलंय तुला. चार कार्डं वाकडी कर, आपोआप सोडत्याल.”

हे सत्याऐंशी सालचं. जिल्ह्याचे एक मोठे अधिकारी निवृत्त व्हायचे होते. सुलाबाईंनी मुद्दाम वाकडं कापायला कातर धरली. तीन कागद घेतले, तिन्हींवर हात सरळच गेला. कापून झाल्यावरच त्यांच्या ध्यानात यायचं, की कड पुन्हा रेषेवर आलीय. शेवटी त्यांनी खळ पाण्यानं पातळ केली आणि शाल-नारळ त्या खळीनं चिकटवला. वरून पाहिलं तर देखणं.

समारंभात कार्ड उघडलं आणि शाल सुटली, कागदाचा नारळ व्यासपीठावरून गडगडत पहिल्या रांगेत गेला. लोक हसले. दुसऱ्या दिवशी माणिकरावांनी आश्रुबाला बोलावलं. आश्रुबा ऑफिसचा शिपाई, पन्नाशीचा माणूस. कार्ड त्यानं पिशवीतून नेलं होतं.

“ओल्या पिशवीत नेलं असशील. बाईंचं काम असं सुटत नसतं.”

आश्रुबा मान खाली घालून उभा राहिला. त्याच्या लेकीची सुपारी ठरली होती, त्यासाठी त्यानं चार दिवसांची रजा मागितली होती. ती नामंजूर झाली.

 तिसऱ्या दिवशी सुलाबाई माणिकरावांकडं जाऊन म्हणाल्या, “साहेब, त्यांची चूक नाही. खळ मीच पातळ केली होती. मुद्दाम.”

माणिकराव मायेनं हसले. “बाई, शिपायाला वाचवायला तुम्ही खोटं बोलायलात. तुमचं मन मोठं आहे. पण असं काम तुमच्या हातून होणार नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे.”

रजा मिळाली नाही. आश्रुबाच्या लेकीची सुपारी बापाशिवाय फुटली. सुलाबाई त्याची माफी मागायला गेल्या, तेव्हा तो म्हणाला, “मला म्हाईत व्हतं बाई. वाटीतली खळ म्या बघितली व्हती.”

“मग बोलला का नाहीत?”

“बोलून काय? तुमी काम का बिघडवायलाव, ते मला बी कळतं.”

त्या दिवसानंतर सुलाबाईंनी एकही कार्ड बिघडवलं नाही. बिघडवलं तर भोगणार दुसरंच कुणी, आणि कबूल केलं तरी कुणी खरं मानणार नाही, हे त्यांना समजलं होतं. त्या अधिकच नीट काम करायला लागल्या. माणिकरावांनी त्यांच्यासाठी जास्त उजेडाचा बल्ब लावून घेतला.

मित्रा वाढत होती. तिच्या नवव्या वाढदिवसाला सुलाबाईंनी खपून एक कार्ड केलं. उघडलं की विहीर, रहाट आणि रहाटाला बांधलेली इवलीशी घागर वर यायची. मित्रानं ते दोन्ही हातांनी उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. “छान आहे,” ती म्हणाली आणि फळीवर ठेवून बाहेर खेळायला गेली.

सुलाबाई चुलीपाशी बसून राहिल्या. ऑफिसात आलेले पाहुणेही असंच म्हणायचे. हातात घ्यायचे, उघडायचे, छान आहे म्हणायचे, ठेवायचे.

मग चौऱ्याण्णवचा जानेवारी आला. संक्रांतीची दोनशे कार्डं बारा तारखेलाच गेली होती. चौदा तारखेला, नेमकं संक्रांतीच्या दिवशी, विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव मिळाल्याचं जाहीर झालं. मूळ नावही राहिलं होतं, पण बाबासाहेबांचं नाव लागलं होतं. बसस्टँडवर पोलिसांच्या गाड्या उभ्या होत्या. सुलाबाईंनी आपल्या खोलीत रेडिओवर बातमी ऐकली आणि सोळा वर्षांपूर्वीच्या सवयीनं आधी दार लोटलं. मग उठून ते सताड उघडलं.

शनिवारी सकाळी माणिकराव टेबलाशी आले. ऑफिसात इतकी वर्षं ह्या नावाचा विषय निघाला, की सुलाबाई आत येताच बोलणं थांबायचं. वर्तमानपत्राची घडी होऊन जायची. माणिकरावांची घडी सगळ्यांत आधी. आज ते उत्साहात होते.

“बाई, अभिनंदनाची पन्नास कार्डं लागतील. निळ्या कागदाची. बाबासाहेबांचं चित्र, मागं विद्यापीठ. साहेबांच्या सहीनं वर सगळीकडं पाठवायचीत. मंगळवारपर्यंत व्हावीत. आणि हे तर तुमच्या घरचंच काम. तुमच्याइतकं मन लावून कोण करणार?”

 दुपारी ऑफिस सुटल्यावर निळा कागद पिशवीत घालून सुलाबाईंनी फाट्याची वाट धरली.

फाट्यावरच्या वस्तीत पंचशीलाचा झेंडा नव्या बांबूवर चढला होता. बायका पेढे वाटत होत्या आणि मध्येच गेलेल्यांची नावं घेऊन डोळे पुसत होत्या. पंडितनं सगळं ऐकून घेतलं आणि खाटेवर उठून बसला.

“ह्या टायमाला अडव त्यांना. पन्नास कार्डं कर, हातात धर, अन् म्हण, आधी बदलीच्या ऑर्डरवर सही आणा. लय गरज हाय त्यांला. आणत्याल सही.”

“मी हे बारा वर्षांत कधी केलं न्हाई.”

“म्हणून तर बारा वर्षं झाली.”

“ह्या नावावर बदली मागू मी?” सुलाबाई म्हणाल्या. “लोकं जीव देऊन बसले अन् मी त्यावर माझं काम काढून घेऊ?”

“मग काय, फुकट देणारंस? त्यांनी सही करून वर पाठवायला?”

 पंडितचं म्हणणं चूक नव्हतं, हेच जास्त टोचत होतं. रविवारी सकाळी त्यांनी कातर काढली. मित्रा समोर येऊन बसली आणि न सांगता कागदाचं दुसरं टोक धरलं. अकरा कार्डं झाली. कोट, चष्मा, हातातलं पुस्तक, सगळं एका अखंड निळ्या कागदातून कोरलेलं, खाली सही नाही. मित्रानं ती वस्तीतल्या घराघरांत नेऊन दिली. तानुबाई नावाच्या म्हातारीनं आपलं कार्ड देव्हाऱ्यातल्या बुद्धाशेजारी ठेवलं आणि बराच वेळ हात जोडून उभी राहिली, असं मित्रानं येऊन सांगितलं. “छान आहे” असं कुणीच म्हणालं नव्हतं.

मंगळवारी माणिकराव आले. “झाली का, बाई?”

“नाही. ती माझ्याकडून होणार नाहीत.”

“तब्येत बरी नाही का? आणखी दोन दिवस घ्या.”

“तब्येत चांगली आहे. उरलेला कागद परत आणलाय. संक्रांतीची केली, दिवाळीची केली, सांगाल ती केली. ही करणार नाही.”

माणिकरावांना राग आला नाही. त्यांना खरोखरच काही कळलं नव्हतं. ते साहेबांच्या खोलीत गेले. संध्याकाळी टाइप केलेला कागद आला. प्रतिनियुक्ती रद्द, मूळ शाळेवर तत्काळ रुजू व्हावे. मूळ शाळा म्हणजे खडकमाळ. फाट्यापासून आणखी एक एसटी लांब.

आश्रुबानं त्यांची पेटी बसपर्यंत आणली. “सुटलाव बाई,” तो म्हणाला. सुलाबाईंना हो म्हणवेना.

खडकमाळच्या दुसरीच्या वर्गात त्रेचाळीस पोरं होती. पहिल्या दिवशी सुलाबाईंचा आवाज तिसऱ्या रांगेपलीकडं पोचला नाही. जोडाक्षरं कुठून सुरू करायची तेच आठवेना. मधल्या सुट्टीत हेडमास्तर हात चोळत आले. “बरं झालं तुम्ही आलात. सव्वीस जानेवारी आठ दिवसांवर. पताका, तोरणं, सगळं आता तुमच्याकडं.”

 सुलाबाई म्हणाल्या, “पताका पोरं करतील, गुरुजी. मी वाचन घेणार आहे.” हेडमास्तरांचं तोंड उतरलं. त्या वर्षीच्या पताका वाकड्यातिकड्या झाल्या, अर्ध्या वाऱ्यानं उडाल्या. सुलाबाईंनी एकीलाही हात लावला नाही. हात शिवशिवायचे, तेव्हा त्या ते पदरात गुंडाळून उभ्या राहायच्या.

मे महिन्यात बदलीचा अर्ज पुन्हा गेला, माणिकरावांच्याच टेबलावरून. पुढच्या वर्षीही गेला. बदली झाली ती शहाण्णव साली, माणिकराव निवृत्त झाल्यावर, देवगाव फाट्यापासून चार मैलांवरच्या वाडीत. तोवर मित्रा आठवीत गेली होती. तिची वेणी ती स्वतः घालायची, भाकरी आजीसारखी थापायची, दुखलंखुपलं आजीलाच सांगायची. सुलाबाई घरी राहायला आल्या त्यानंतर कितीतरी दिवस, सकाळी चुलीपाशी आई दिसली की ती दारातच थांबायची आणि घरात पाहुणं आल्यासारखी विचारायची, “तुमचा चहा झाला का?”