चिमटीतली बाटली

कुरकुंभच्या एका केमिकल कंपनीच्या लॅबमध्ये रंगनाथ थोरात मालाची घनता मोजायचे. त्यांची काचेची बाटली अंगठ्याएवढी, आणि तिच्या बुचाला केसाएवढं भोक. नव्या माणसानं ती मुठीत धरली की थोरात खेकसायचे, “चिमटीत धर! हाताची ऊब लागली की माल फुगतो, भोकातनं भाईर येतो, आन् वजन चुकतं.”

ही सवय खुटबावच्या घरीही आली. चहाचा पेला असो की पाण्याचा तांब्या, दोन बोटांनी काठालाच धरायचे. बायको, भागुबाई, वैतागायची. “अवो, माझा हात तरी नीट मुठीत धरा. मी काय फुगून सांडनार हाय व्हय?” थोरात नुसतं हसायचे आणि हात धरायचं राहूनच जायचं.

मागच्या वर्षी भागुबाई गेली. घरात वैतागायलाही कुणी उरलं नाही.

यंदा लॅबमध्ये मशीन आलं. थेंबभर माल आत सोडला की आकडा दिसतो. साहेब म्हणाले, “काका, ती जुनी बाटली न्या घरी.”

रविवारी थोरातांनी ती माठातल्या पाण्यानं काठोकाठ भरली, बूच लावलं, बाहेरून कोरडी पुसली. सवयीनं चिमटीत उचलली. मग काय वाटलं कुणास ठाऊक, त्यांनी ती मुठीत घट्ट धरली आणि विझलेल्या चुलीपाशी, भागुबाईच्या पाटाशेजारी बसून राहिले.

हळूहळू बुचावर पाण्याचा थेंब फुगला आणि बोटावर ओघळला.

“बघ गं,” ते रिकाम्या पाटाला म्हणाले, “ऊब हाय माझ्या हातात.”