एक्केचाळीस गोटे

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, हेडमास्तरांना नाही, देवालाही नाही — देवळात गेलो की मी दुसऱ्याच कुठल्यातरी बारीकसारीक चुकीची माफी मागून परत येतो. तुम्हाला सांगतोय म्हणून हुरळून जाऊ नका. तुम्ही मला भला माणूस समजता, आणि आताशा त्याचा मला राग येतो. कारण एवढंच.

गेल्या आठवड्यात शाळेत माझा सत्कार झाला. शाल, नारळ, हार. ‘उन्हाळ्यात पोरांना पळायला लावणारे मास्तर’ म्हणून सरपंच बराच वेळ बोलले. मी मान खाली घालून बसलो होतो. लोकांना वाटलं, काय हा विनय! विनय कसला डोंबलाचा — माझ्या खुर्चीशेजारच्या फुलांच्या वाफ्याकडे मला बघवत नव्हतं.

चाकण आणि आळंदीच्या मधल्या एका गावात मी ड्रिल शिकवतो. तालुक्याच्या शर्यती पावसाळा सरला की होतात, पण त्या जिंकणारे पाय उन्हाळ्यात कमवावे लागतात. आणि सुट्टी लागली की पोरं आंब्याखाली लोळणार. रोज त्यांच्या मागे कोण फिरणार? म्हणून मी एक युक्ती काढली. सकाळी इंद्रायणीच्या पात्रात जायचं, एक गोल गोटा उचलायचा, तो हातात घेऊन दीड मैल पळत शाळेमागच्या टेकाडावर यायचं आणि आपल्या ढिगावर ठेवायचा. एका धावेला एक गोटा. ज्याचा त्याचा ढीग वेगळा. कोण पळतो आणि कोण झोपतो, ते साऱ्या गावाला दिसायचं. युक्ती चांगली होती, असं मला अजूनही वाटतं — माझ्यातली खोड बघा, कबुली द्यायला बसलोय तरी स्वतःची पाठ थोपटतोच आहे.

गोष्ट बऱ्याच वर्षांपूर्वीची. त्या वर्षी मला जिंकायचंच होतं. आदल्या वर्षी तालुक्याला आमचं एकही पोर पहिल्या तिघांत आलं नव्हतं आणि शेजारच्या गावचा ड्रिलमास्तर मला भर बाजारात हसला होता. जिंकून देऊ शकणारा मुलगा एकच, पाटलांचा किसन. हरणासारखा पळायचा आणि म्हशीसारखा लोळायचा. सुट्टीचे वीस दिवस गेले तरी त्याच्या ढिगावर आठ गोटे होते.

सगळ्यांत मोठा ढीग होता इस्माईलचा. हा कल्हईवाल्याचा मुलगा. पाय काही फार वेगवान नव्हते, पण तालुक्याला जाणाऱ्या चार पोरांत आपलं नाव लागावं म्हणून तो जिवाचं रान करत होता. मी किसनला म्हणालो, “बघ, कल्हईवाल्याचं पोर तुझ्या पुढं गेलं.” त्यानं खांदे उडवले. एवढ्याशा फरकानं तो पेटेना.

मग — मग काय, मी फरक वाढवला.

भर दुपारी, टेकाडावर चिटपाखरू नसताना, मी इस्माईलच्या ढिगात दगड घालू लागलो. आज दोन, उद्या तीन. माझे खाली सारायचे, त्याचे वर रचायचे. नदीपर्यंत जायचा कंटाळा, म्हणून शेजारच्या बांधावरचेच उचलायचो. पोरांना वैशाखात पळायला लावणारा मी, स्वतः दीड मैल चाललो नाही. आणि इस्माईलचाच ढीग का? मोठा होता म्हणून? तसं मी स्वतःला सांगत असे. खरं कारण हे, की काही बिनसलंच तर त्याच्या घरचं कुणी मला जाब विचारायला येणार नाही, हे मला ठाऊक होतं.

किसन पेटला. दिवसातून दोनदा पळू लागला. मी खूश.

जूनमध्ये शाळा उघडली. पहिल्याच दिवशी, सगळी पोरं जमली असताना, किसननं इस्माईलच्या ढिगाला लाथ घातली. ढीग ढासळला आणि खालून काळे, कोनदार दगड बाहेर आले. त्यांना नदीचं पाणी कधी लागलेलं नव्हतं, हे आंधळ्यालाही कळलं असतं.

“गुरुजी, ह्ये बांधावरचं दगडं हायती! ह्यानं लबाडी केलीया!”

इस्माईल आधी दगडांकडे बघत राहिला, मग माझ्याकडे. “मी न्हाई टाकलं, गुरुजी. माझं गोल तेवढं मोजा.”

तोंड उघडायला मला किती वेळ लागला असता? ‘मी टाकले’ — दोन शब्द. त्याऐवजी मी निरगुडीची छडी उचलली. दोन्ही हातांवर मारलं, सगळ्यांदेखत, आणि जोरात मारलं, कारण हलक्या हातानं मारलं असतं तर कुणाला शंका आली असती. चार पोरांतून त्याचं नाव काढलं. पोरं ‘लबाड, लबाड’ ओरडत होती. मी त्यांना गप्प केलं नाही.

शाळा सुटल्यावर मी एकटा टेकाडावर गेलो आणि गोल गोटे मोजले. एक्केचाळीस. सुट्टी एक्केचाळीस दिवसांची होती. पोरानं एक दिवस चुकवला नव्हता.

दुसऱ्या दिवशी त्याचा बाप आला. जाब विचारायला नाही — माफी मागायला. “पोरानं मान खाली घालायला लावली, गुरुजी,” म्हणाला, आणि मुलाच्या लबाडीची भरपाई म्हणून शाळेचा पाण्याचा हंडा आमच्याच पायरीवर बसून कल्हई करून गेला. भाता इस्माईल चालवत होता, सुजलेल्या हातांनी. मी एक्केचाळीसचा आकडा मनात घेऊन दारात उभा होतो. काम झाल्यावर मी हंड्यात डोकावलो आणि म्हणालो, “छान झालंय.”

इस्माईल पुन्हा शाळेत आला नाही. किसन तालुक्याला पहिला आला. इस्माईल आता आळंदीच्या बाजारात बापाच्या जागी बसतो. आमच्या घरची भांडी मी लांब चाकणला धाडतो. बायकोला सांगतो, तिथली कल्हई जास्त टिकते.

ते गोल गोटे मी शिपायाकरवी फुलांच्या वाफ्याभोवती लावून घेतले. दरवर्षी त्यांना चुना मारतात. सत्काराला माझी खुर्ची त्यांच्याजवळच मांडली होती. दोन शब्द बोला म्हणाले, तर मी पोरांना सांगितलं, मेहनतीत लबाडी चालत नाही. टाळ्या पडल्या.

काल सुट्टी लागली. यंदाची पोरं विचारायला आली, “गुरुजी, ढीग कुठं लावायचं?”

मी त्यांना टेकाडावर नेलं आणि जागा दाखवली.