विचारल्याशिवाय खिळा नाही

पेंटरदादांच्या चित्रदालनात खुर्ची एकच होती, आणि ती नावं ठेवणाऱ्यासाठी राखलेली होती. कौतुक करणारा उभाच. कुणी "वा, काय रंग आहेत!" म्हणाला की दादा "हो, हो" करत कुंचले पुसायला लागायचे. पण कुणी तोंड वाकडं करून "हे काही जमलं नाही" म्हणाला, की लगेच फडक्यानं खुर्ची झटकून पुढे. "बसा. आता सांगा, काय काय नाही जमलं ते. पयल्यापासून सांगा." माणूस बिचारा एका वाक्यापुरता आलेला. खुर्ची मिळाली की त्याला अर्धा तास बोलावंच लागे. त्या खुर्चीवर अख्ख्या अमरावतीत सगळ्यात जास्त वेळ बसलेला माणूस म्हणजे मी.

दादा दुकानांच्या पाट्या रंगवत. त्यांचं खरं नाव फार थोड्यांना ठाऊक होतं. त्यांनी आणि आणखी तिघांनी, म्हणजे एक सिनेमाचे बोर्ड रंगवणारा, एक ड्रॉइंगमास्तर आणि एक गणपती करणारा, शहराच्या जुन्या परकोटाला लागून असलेलं कापसाचं रिकामं गोदाम मागून घेतलं, चुना मारला आणि दारावर पाटी लावली : 'भिंत. सर्वांना खुली.' गाव त्याला फोटोचं गोदाम म्हणे. तिथे राजेराण्या नव्हत्या, कमळावर बसलेल्या बायका नव्हत्या. कापसाच्या जिनात राबणाऱ्या बाया होत्या, गटारात उतरलेला झाडूवाला होता, तोंडात खिळे धरून बसलेला चांभार होता. ज्यांच्या जिवावर शहर चालतं आणि ज्यांची तसबीर शहरातल्या एकाही बैठकीत लागत नाही, ती माणसं. कलेसाठी कला म्हणणाऱ्यांनी हा परिच्छेद गाळला तरी चालेल. त्यांच्यासाठी तो लिहिलेला नाही. गोदामाच्या आढ्यातून कापूस अजून गळायचा आणि ओल्या रंगाला चिकटायचा. नागपूरहून आलेले एक जाणकार चित्रातल्या आभाळाला चिकटलेला कापूस बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "ही शैली विलक्षण आहे." दादा म्हणाले, "आढं झाडलं नाही, सायेब."

चौघांनी मिळून केलेला नियम एकच : विचारल्याशिवाय खिळा नाही. ज्याचं चित्र काढलं त्यानं गोदामात यायचं, चित्र पाहायचं आणि "लाव" म्हणायचं. मगच हातोडी उचलायची. तो नाही म्हणाला तर चित्र कितीही उतरलेलं असो, भिंतीकडे तोंड करून कोपऱ्यात. एक टांगेवाला आपलं चित्र पाहून भडकला. "घोडा उपाशी दिसून राह्यला ना, पेंटर! लोक मले काय म्हंतीन?"

"उपाशीच हाय तो."

"मंग थोडा भरून टाक. रंग काय कमी हाय तुह्यापाशी?"

"जे नाही ते मी काढत नाही. तू घोडा भर, मी चित्र भरतो."

टांगेवाला पाय आपटत गेला. दोनेक महिन्यांनी घोडा घेऊन थेट गोदामाच्या दारात उभा. "पाह्य आता!" दादांनी घोड्याच्या बरगड्यांवरून हात फिरवला, मान डोलावली आणि चित्र नव्यानं काढायला घेतलं.

मला हा सगळा पोरखेळ वाटायचा. मी तेव्हा वीस वर्षांचा, वकिलाचा मुलगा, कॉलेजात नावापुरता. दिवसभर पत्रकं लिहायची, छापखान्यात जाऊन ओल्या शाईची घेऊन यायची आणि चौकात वाटायची. 'धिक्कार' हा शब्द नसलेलं पत्रक मी लिहिलेलं नव्हतं. दादा मला पत्रकराव म्हणत. माझं नवं पत्रक मन लावून वाचत आणि विचारत, "हे ज्यायच्यावर लिवलं, त्यायले दाखवलं का?" मी म्हणे, "त्यांना काय दाखवायचं? त्यांच्या बाजूनंच लिहिलंय." दादा एक डोळा मिटून माझ्याकडे बघत. चित्र काढताना बघायचे, तसंच.

वलगावच्या रस्त्यावर एक वस्ती होती. तिथली सगळी घरं नुकतीच बौद्ध झालेली. वस्तीत नळ नव्हता. बाया मैलभर लांबच्या विहिरीवरून पाणी आणत, आणि तिथेही मिळणाऱ्या वागणुकीबद्दल मी इथे लिहीत नाही, कारण लिहायला लागलो तर हा लेख पत्रक होईल. नळाचा अर्ज यमुनाबाई नावाच्या एका म्हाताऱ्या बाईनं कचेरीत इतक्या वेळा दिला होता की शिपाई तिला आत्या म्हणायला लागला होता. मी ठरवलं, नळाच्या मागणीसाठी 'भिंती'वर प्रदर्शन भरवायचं. आणि कोपऱ्यात धुंडाळताना मला ते चित्र सापडलं.

विहिरीपासून दूर बसलेली एक बाई. ओंजळ पुढे केलेली. वरून कुणी पाणी ओतेल म्हणून तिची मान वर. चेहरा यमुनाबाईचा. दादांनी ते धर्मांतराच्या आधी काढलं होतं आणि विचारायचा धीर होत नाही म्हणून कधी टांगलंच नव्हतं. त्यांच्या हातून याहून चांगलं चित्र उतरलेलं मी पाहिलेलं नाही. मी त्याच दिवशी पाचशे पत्रकं छापून आणली : 'या ओंजळीकडे पाहा आणि शरमेनं मान खाली घाला!'

"विचारलं का?" दादा म्हणाले.

"दादा, इथे नळाचा प्रश्न आहे!"

"मंग तर विचारलंच पायजे."

यमुनाबाई आली. मान तिरपी करून चित्राकडे बघत राहिली. मग कुणी न सांगता खुर्चीवर जाऊन बसली.

"म्या अशी बसत होती, खरं हाय," ती म्हणाली. "आता नाही बसत. हे लावशीन त मी याले आग लावीन."

"अहो, पण यानं पाणीखात्याच्या साहेबांना लाज वाटेल," मी म्हणालो.

"त्याले लाज वाटाव म्हून मी काहून हात पसरू, भाऊ? तुह्या मायले बसव ना अशी."

दादांनी चित्र उचललं आणि पुन्हा कोपऱ्यात नेलं.

"मंग कसं काढू, बाई?"

"मी सायबाच्या टेबलापाशी उभी हाय अन् सायेब माहा अर्ज वाचून राह्यला. असं काढ."

आता खरी गंमत. चित्रात साहेब आला म्हणजे साहेबांनाही विचारायला हवं! दादा धुतलेलं धोतर नेसून कचेरीत गेले. पाणीखात्याचे साहेब नळाचं नाव निघालं की फाइल शोधायला लागत. तैलचित्राचं नाव निघताच त्यांनी आरसा शोधला. दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा कोट घालून गोदामात हजर. सलग चार दिवस, रोज तासभर, साहेब खुर्चीत अर्ज हातात धरून आणि यमुनाबाई मागून आणलेल्या टेबलाशी ताठ उभी. हलायचं नाही, बोलायचं नाही. साहेबांना वाचायला दुसरं काहीच नव्हतं. तिसऱ्या दिवशी ते वैतागून म्हणाले, "यात 'विहीर' दोनदा लिहिलंय." यमुनाबाई म्हणाली, "दोनदाच जातो आमी, सायेब. सकाळी अन् संध्याकाळी."

मला हे असह्य झालं. ज्याच्या नावानं शिमगा करायचा, त्याचं चित्र काढायचं? मी रातोरात नाही, भर दुपारी, छापखान्यात उभ्याउभ्या पत्रक लिहिलं : 'साहेबाच्या दारी रंगाची चाकरी! पेंटरदादांचा धिक्कार असो!' आणि साहेब चित्र पसंत करायला येणार त्याच वेळी गोदामाच्या दारात वाटायला उभा राहिलो.

साहेब चित्रासमोर आले. कोट छान उतरला होता. तरी त्यांच्या कपाळावर आठी.

"मी नुसताच कागद धरून बसलेला दिसतो."

"बसलेच होते, सायेब," दादा म्हणाले.

"हातात पेन दाखवा. सही करतोय असं."

"जे झालं नाही ते मी काढत नाही."

"अहो, लोक म्हणतील, हा माणूस वर्षानुवर्षं कागद धरून बसलाय!"

"म्हंतेतच, सायेब," यमुनाबाई मागून म्हणाली.

सगळं गोदाम हसलं. साहेबही हसले, पण त्यांचे कान लाल झाले. त्यांनी अर्ज मागितला. यमुनाबाईच्या कनवटीला तो होताच, तिनं काढला. दादांच्या रंगाच्या स्टुलावर ठेवून साहेबांनी सही केली. दादांनी एक डोळा मिटून साहेबांच्या हाताची ठेवण नीट पाहून घेतली आणि म्हणाले, "आता काढतो पेन."

मी दारात तसाच. दादांनी येऊन माझ्या हातातलं एक पत्रक घेतलं, शेवटपर्यंत वाचलं, आणि हातोडी आणली. "चित्राच्या बाजूले लावतो. तुमचं हाय म्हून विचारतो, पत्रकराव. लावू?" नाही म्हणालो तर भित्रा, हो म्हणालो तर मूर्ख. मी "लावा" म्हणालो. प्रदर्शन संपेपर्यंत माझा धिक्कार तिथे लटकला होता, आणि लोक चित्रापेक्षा तोच वाचून हसत होते.

वस्तीत नळ आला. एकच, आणि तोही सकाळी तासभर. बाकीच्या अमरावतीत तो घराघरात होता, हे मी विसरलेलो नाही आणि कुणाला विसरू देणारही नाही.

त्यानंतरच्या हंगामात मालकाला कापसासाठी गोदाम परत हवं होतं. चौघांची भिंत गेली, आणि दादा अकोल्याला सिनेमाचे बोर्ड रंगवायला निघाले. मी बसस्थानकावर गेलो. बोलून जमणार नाही हे ठाऊक होतं, म्हणून माफी लिहूनच नेली होती. चार पानं.

"छापली नाही ना?" दादांनी विचारलं, पानं खिशात घातली आणि रंगाचे डबे सांभाळत बसमध्ये चढले.

अकोल्याहून त्यांचं एकच कार्ड आलं. पाटीवरच्यासारखं टपोरं अक्षर. "माफी वाचली. विशेषणं फार आहेत. मला लागू नाही. यमुनाबाईला वाचून दाखव." दुसरं कार्ड आलं नाही. त्याच उन्हाळ्यात, अकोल्यात, दादा गेले.

कार्ड मिळालं त्याच्या दुसऱ्या सकाळीच मी माफीची नवी प्रत करून वस्तीत गेलो होतो. नळावर ही रांग. यमुनाबाईचा हंडा नुकता भरला होता. मी पानं उघडली आणि वाचायला लागलो : "आदरणीय यमुनाबाई, माझ्या हातून जो अक्षम्य, घोर आणि..."

"माह्यासाठी लिवलं काय?" ती म्हणाली.

"हो."

"मंग हात लाव हंड्याले. मांगं लाइन पाह्य किती हाय."

मी पानं दातात धरली आणि दोन्ही हातांनी हंडा उचलला.