एका बाजूला झिजलेला हातोडा

कॉव्हेंट्रीतल्या आमच्या मराठी मंडळात माझा छंद सगळ्यांना ठाऊक आहे. लोक गाडीच्या डिकीतून जुन्या वस्तू विकतात त्या कार बूट सेलमधून मी हाताने घडवलेले जुने हातोडे आणतो. गंज व्हिनेगरमध्ये उतरवतो, ठोकून ठोकून पसरलेल्या कडा कानशीने घासतो, नवा दांडा पाचर मारून बसवतो. जे अगदीच कामातून गेलेले असतात, त्यांच्या खुंट्या करतो. मंडळाच्या हॉलमध्ये सगळ्यांचे कोट त्याच खुंट्यांवर असतात.

एका हातोड्याला मात्र मी कानस लावली नाही. त्याचं तोंड एकाच बाजूला झिजलंय. कुणी विचारलं की सांगायचो, सेलमध्येच मिळाला. खोटं होतं ते. तो माझ्या वडिलांचा. ते डावखुरे होते.

वडील इथे एकदाच आले, बॅगेत हा हातोडा घालून. घरी पाहुणे होते. त्यांनी वडिलांना व्यवसाय विचारला, आणि उत्तर मीच देऊन टाकलं, फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे म्हणून. वडील खाली बघून चहा पीत राहिले. परत जाताना हातोडा माझ्या हातात देत म्हणाले, "ठेव इथेच. कशाला तरी लागेल."

यंदा मंडळाने खंडेनवमीला हॉलमध्ये हत्यारांची पूजा मांडली. लॅपटॉप, स्टेथोस्कोप, कुणाचं ड्रिल मशीन. त्यांच्यामध्ये मी तो हातोडा ठेवला. आमची तरुण सेक्रेटरी रॅफलच्या सोडतीसाठी बक्षिसं गोळा करत होती.

"काका, हा द्या ना रॅफलला. तोंड जरा सपाट केलंत की मस्त दिसेल."

"तो सपाट व्हायचा नाही आणि द्यायचाही नाही. माझ्या वडिलांचा आहे. लोहार होते ते."

माझ्याबरोबर हॉस्पिटलात नोकरी केलेला मित्र शेजारीच होता. "मग इतकी वर्षं ते वर्कशॉप कुणाचं सांगत होतास रे?"

"भाता होता, ऐरण होती. वर्कशॉपच की ते."

बायकोला पहिल्यापासून माहीत होतं. ती एवढंच म्हणाली, "अहो, दांड्यालाही कुंकू लावा."

तरीही सेक्रेटरीने फोटोसाठी तो उचलायला हात पुढे केला. मी थांबवलं. पूजेतलं हत्यार दसऱ्यापर्यंत उचलत नाहीत. वर्षातून तेवढा एक दिवस आमची भट्टी थंड असायची.

दसऱ्याला सकाळी हॉलमधली एक खुंटी सैल झालेली दिसली. ती मी त्याच हातोड्याने ठोकून बसवली. आवाज बराच झाला, माणसं वळून बघायला लागली. मी आणखी दोन घाव घातले.