आमचं दार राहिलं

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काम केलं ते नाताळबाबाच्या दाढीचं. नाताळला दोन दिवस होते. दुपारी पडवीत बसून बायको फडक्यावर कापूस शिवत होती. तिला सुईचं भोक दिसत नव्हतं, म्हणून मी दोरा ओवून देत होतो.

टीव्हीवाले सांता म्हणतात. आमच्या वाडीत नाताळबाबाच. कोणी फुकट काही मागितलं की हिंदूंच्या घरातसुद्धा म्हणतात, "मी काय नाताळबाबा आसंय?" तीसेक वर्षं तो बाबा मीच. चौथी शिकलेला, होडीवर जन्म गेलेला माणूस. लाल झगा घालायचा, घंटी वाजवायची, दार ठोकायचं, पोरांना पोतडीतून नेवऱ्या काढून द्यायच्या. नेवऱ्या, म्हणजे करंज्या, तिच्या हातच्या. फिरून झालं की मी मागच्या दाराने यायचो, दाढी काढून विहिरीवर पाय धुवायचो आणि म्हणायचो, "जेवूक वाढ."

आम्हाला मूल झालं नाही. मग बाबाचं आमच्या दारात काय काम, असं मी धरून चाललो. तिला कधी विचारलं नाही.

त्या दुपारी तीच म्हणाली, "वो, सगळ्यांची दारां वाजवतास. आपला कधी वाजवतलास?"

"माझ्याच घराचा दार मी कित्याक वाजवू? तू काय पोर आसंस गो?"

"पोर नाय म्हणानच सांगतंय. एकदा वाजवा. मी उघडतलंय."

"दात पडले तुझे, म्हातारे."

"तुमचे तरी खंय रवले?" म्हणाली आणि हसली. मग पाठ दुखते म्हणून दाढी अर्धी ठेवून आत जाऊन पडली.

तिन्हीसांजेला चर्चची घंटा झाली तरी उठली नाही. मी पडवीतूनच ओरडलो, "चाय करतंस काय नाय?" दोनदा ओरडलो, दुसऱ्यांदा रागाने. मग आत गेलो. ती गेली होती.

सकाळी घर बायकांनी भरलं. दाढी पडवीत तशीच, सुई लोंबत होती. मयताच्या घराचं दार कोणी लावत नाही. मी ते बाहेरून ओढून घेतलं. अर्धी दाढी कानांवर अडकवली, घंटी वाजवली आणि दार ठोकलं.

आतलं रडणं थांबलं. तिच्या बहिणीने विचारलं, "कोण तो?"

मी परत ठोकलं.