गच्चीवर रंग बघणारा परका माणूस

उल्हासनगरचे जीन्स धुण्याचे कारखाने नदी नासवतात म्हणून बंद झाले, तेव्हा नदीचं भलं झालं असेल. आमचं वाटोळं झालं. बाबा त्यातल्याच एका कारखान्यात मशीनवर होते, ते घरी बसले. अंबरनाथ पश्चिमेला आमची एक खोली. तिथे आई शिवून आलेल्या पँटींचे धागे कापायची. पँटींचा ढीग असला की जेवायला बसायला जागा नसायची, आणि ढीग नसला की जेवणच बेताचं असायचं.

मी नुकताच केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. झालो होतो. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. कुणी विचारलं नाही तरी मी हे सांगतो. बाबांचे सिंधी शेठ म्हणाले, "साईं, इधर अब क्या रखा है? सारा माल ढाका में धुलता है. लडके को उधर भेजो."

निघायच्या सकाळी आई दारात उभी राहून तिच्या बदलापूर गावच्या बोलीत म्हणाली, "परक्या मुलखात जास्ती बोलू नको रं पोरा." बाबा चपला घालत म्हणाले, "का नाय बोलायचं? शिकलाय तो." मी बाबांचं ऐकलं. रिक्षात बसल्यावर मागे वळून बघितलं नाही, कारण बघितलं असतं तर उतरलो असतो.

तुमच्यापैकी जे दुबईला, मस्कतला गेलात, त्यांना हे सांगायला नको. जे इकडेच राहिलात, त्यांच्यासाठी लिहितोय.

ढाक्याजवळ गाझीपूरला एका मोठ्या प्लांटमध्ये मी वॉश टेक्निशियन झालो. कपडा किती वेळ धुवायचा, कुठलं केमिकल किती घालायचं, निळा रंग कुठे थांबवायचा, हे माझं काम. फ्लोअरचा सुपरवायझर रफिकुल. वयानं मोठा, म्हणून मी त्याला भाई म्हणायचो आणि तो मला, मी लहान असूनही, मानानं दादा. माझं बंगाली ऐकून तो हसायचा. म्हणायचा, "दादा, तुमचं बंगाली आमच्या मशीनपेक्षा जास्त आवाज करतं." त्याच्या घरचा भात मी इतक्यांदा खाल्ला की त्याची आई मला किती वाढू हे विचारायचं सोडून वाढायलाच लागली.

मग तिकडचं सरकार आणि तिकडची पोरं समोरासमोर आली. कर्फ्यू लागला, इंटरनेट गेलं, गोळ्या चालल्या. रफिकुलचा धाकटा भाऊ कॉलेजात होता. तो मोर्चात गेला आणि एक डोळा गमावून घरी आला. पोलिसांच्या छऱ्यांनी गेला डोळा.

त्या दिवसांत एक गोष्ट सगळीकडे पसरली. पोलिसांच्या कपड्यांत हिंदी बोलणारी माणसं दिसली म्हणे. सरकारला भारत टिकवून धरतोय, गोळ्या झाडायला माणसं भारतातून आलीत. खरं होतं का? मला ठाऊक नाही. तेव्हाही नव्हतं, आजही नाही. पण चहाच्या टपरीवर मी गेलो की बोलणं थांबायचं, एवढं खरं. टपरीवाला ओळखीचा. तो एकदा ग्लास पुढे करत म्हणाला, "घ्या इंडिया, तुमचंच राज्य आहे." लोक हसले. मीही हसलो. चहा मात्र तसाच ठेवून निघालो.

आता आमच्या धंद्यातली एक गोष्ट. जीन्सचा रंग ट्यूबलाइटखाली बघून चालत नाही, ट्यूबलाइटमध्ये निळा खोटं बोलतो. तो दिवसाच्या उजेडात बघावा लागतो. म्हणून मी रोज सकाळी नमुन्यासाठी कापून धुतलेले पँटींचे पाय घेऊन गच्चीवर जायचो, कठड्यावर ओळीनं अंथरायचो आणि मोबाइलनं फोटो काढायचो. ग्राहकाला पाठवायला; त्या दिवसांत इंटरनेट येईल तेव्हा. वर्षानुवर्षं हेच करत होतो. त्या सकाळी खालून मोर्चा चालला होता आणि मी नेहमीसारखा कठड्याशी वाकून फोटो काढत होतो. उल्हासनगरात बाबांकडून शिकलेली सवय, दुसरं काही डोक्यातच आलं नाही.

खालून कुणीतरी बोट दाखवलं. बघता बघता गेटवर गर्दी झाली. इंडियाचा माणूस आमच्या पोरांचे फोटो काढतोय, आज रात्री पोलिसांकडे नावं पोचतील. वॉचमननं मला केमिकलच्या खोलीत कोंडलं आणि बाहेरून कडी घातली. आत ब्लीचच्या वासानं डोळ्यांतून पाणी येत होतं. गेट हलवल्याचा आवाज ऐकत मी बसलो होतो.

गेटवर रफिकुल गेला. ज्याच्या भावाचा डोळा गेलेला, तो माझ्यासाठी गेला. पँटींचे पाय खांद्यावर टाकून गेला आणि एकेक दाखवत ओरडून सांगू लागला, हे बघा, हा रंग बघत होता, रोज बघतो, माझ्यासमोर बघतो. एकानं विचारलं, "तू ह्याची हमी घेतोस?" तो म्हणाला, "घेतो. चुकलो तर मला धरा." भावाचं सगळ्यांना माहीत होतं, म्हणून गर्दी पांगली.

कडी काढून तो आत आला. दार लावून घेतलं आणि हळू विचारलं, "दादा, आता मला खरं सांगा. आमच्या पोरांचे फोटो काढत होतात का?"

गर्दीच्या भीतीपेक्षा ते जास्त लागलं. मी मोबाइल उघडून त्याच्या हातात दिला. तो एकेक फोटो सरकवत गेला. निळे पाय, पुढे निळे पाय. एका फोटोत कापडाच्या कडेला रस्ता आला होता, त्यात मुंग्यांएवढी माणसं. तो थांबला, मोठा करून बघितलं, मग पुसून टाकला. पुसलेले फोटो जिथे साठतात तिथूनही पुसला. मोबाइल परत देताना माझ्याकडे बघितलं नाही.

विमानं सुरू झाल्यावर कंपनीनं आम्हा सगळ्या भारतीयांना घरी धाडलं.

अंबरनाथला वाटलं, इथे तरी मोकळं बोलेन. मामा बदलापूरहून भेटायला आले. पहिलाच प्रश्न, "तिकरं पोरांना पैसे कनच्या देशानं दिलं रं? तुला ठाऊक असंल."

मी म्हटलं, "मामा, कुणी दिले नाहीत. माझ्या मित्राच्या भावाचा डोळा गेला. पैसे घेऊन कोण डोळा देतो?"

"त्याला तसं सांगाया शिकवलं असंल."

"मी माझ्या डोळ्यांनी बघितलं."

मामा आईकडे वळले. "ताय, तुझ्या पोराला फिरवलाय त्यांनी."

तिकडे मी इंडियाचा हेर होतो, इकडे तिकडच्यांनी फिरवलेला. दोन्हीकडे माणसांना पक्कं ठाऊक होतं की हे सगळं बाहेरून कुणीतरी घडवलं. नुसता देश बदलायचा. ज्या पोरांचं रक्त गेलं त्यांना स्वतःचा राग असू शकतो, हे ना टपरीवर कुणी मानायला तयार होतं, ना आमच्या खोलीत.

प्लांट सुरू झाला आणि मी परत गेलो. आई जाऊ नको म्हणाली, तरी गेलो. पहिल्या शुक्रवारी न बोलावता रफिकुलच्या घरी गेलो. भाऊ काळा चष्मा लावून बसला होता. तो म्हणाला, "लोक म्हणतात तुमच्या देशानं केलं. तुम्ही काय म्हणता?"

रफिकुल दाराशी उभा राहून ऐकत होता. नाही म्हणणं सोपं होतं. मी म्हटलं, "माझ्या देशानं काय केलं, काय नाही, मला माहीत नाही. मी केलेलं नाही, एवढंच सांगू शकतो."

त्यानं सरकून चटईवर जागा केली. "बसा," म्हणाला. त्याच्या आईनं भात वाढला. त्या दिवशी तिनं किती वाढू म्हणून विचारलं.

आता प्लांटमध्ये रंग बघायला दिवसासारखा उजेड देणारी पेटी आली आहे, गच्चीला कुलूप आहे. रफिकुल आणि मी एकाच टेबलावर जेवतो. राजकारण सोडून सगळं बोलतो.

घर म्हणजे काय, असं कुणी विचारलं तर मला आता दोन जागा सांगाव्या लागतात, आणि दोन्ही ठिकाणी थोडं जपून बसावं लागतं. माझ्या पगारातून बदलापूरला दोन खोल्यांचं घर आईच्या नावावर झालं. मी अजून गाझीपूरलाच आहे, आता प्लांटचा वॉश मॅनेजर.