सावलीतला खिळा

दौलतभाऊंना मी कधी बसलेलं पाहिलं नाही. ऊर्जानगरच्या रस्त्यालगत त्यांची टिनाची शेड होती. तिथे जमिनीत बसवलेल्या रोलरवर गाडीची चाकं फिरायची, गाडी जागच्या जागी धावायची आणि इंजिनाची ताकद संगणकावर उमटायची. तेवढा वेळ भाऊ गाडीभोवती घिरट्या घालायचे. टायर चाचपायचे, गाडी जखडणारे पट्टे ओढून बघायचे. गिऱ्हाईक म्हणायचं, "भाऊ, बसा ना जरा." भाऊ म्हणायचे, "आकडा ठरू दे, मंग बसतो."

त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं. "एकदा आला तो आकडा पाव्हणा. तीनदा आला तर घरचा."

आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. इंजिनिअर होऊन दोन वर्षं रिकामा होतो, तेव्हा भाऊंनीच कामावर घेतलं. मे महिन्यात एक गाडी एकट्याकडे सोपवली. म्हणाले, "हे बरोबर काढलं तर उद्यापासून मशीन तुह्या हाती."

गाडी अहेरीच्या प्रशांतची होती. ट्यूनिंगनं दहा हॉर्सपॉवर वाढली नाही तर मिशी काढीन, अशी त्याची मेव्हण्याशी पैज होती. सकाळी शहाण्णव भरली होती. ट्यूनिंगनंतर दुपारी एकशे नऊ. मी तीनदा चाचणी घेतली, तिन्ही वेळा एकशे नऊ! प्रशांतनं आकड्याच्या कागदाचा फोटो मेव्हण्याला पाठवूनही दिला.

भाऊंच्या घिरट्या मात्र थांबेनात. अचानक ते भिंतीपाशी थबकले. "हे वायर इथी कोणं टांगली?"

हवेचं तापमान मोजणारी ती वायर. पंख्याच्या आड येत होती म्हणून मीच दुपारी काढून तापलेल्या टिनाला लावली होती. गरम हवेत इंजिनाचा दम कमी पडतो, म्हणून संगणक हिशेबात थोडी ताकद वाढवून धरतो. टिनाचा चटका त्याला हवेचा वाटला होता.

"उन्हाची ताकद गाडीच्या नावावर लिहिली तू."

"पण भाऊ, तीनदा तेच आलं..."

"तीनदा तेच चुकलं तर तीनदा तेच येईन ना!"

मी हळूच म्हणालो, "भाऊ, तो खूश आहे. जाऊ द्या ना."

भाऊंनी हातोडी उचलली. दाराजवळच्या सावलीत त्यांनी खिळा ठोकला, वायर त्याला अडकवली. पुन्हा चाचणी घेतली. एकशे पाच. वाढ फक्त नऊ.

"जा, तूच सांग त्याले."

मी सांगितलं. प्रशांतचा हात मिशीवर गेला. "एका हॉर्सपॉवरसाठी काऊन जीव घेता भाऊ?"

"मिशी वापस येते बावा. खोटा आकडा गावात सुटला तर नाई येत."

आकडा चुकला होता, पण तो मी स्वतःच्या तोंडानं सांगितला म्हणून की काय, दुसऱ्या दिवशी शेडची किल्ली भाऊंनी माझ्या हातात ठेवली. पाव्हण्याचं ते वाक्य मात्र त्यानंतर त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नाही.

गेल्या हिवाळ्यात भाऊ गेले. आता चाचण्या मी घेतो. तिन्ही आकडे जुळतात, गिऱ्हाईक हसून म्हणतं, "साहेब, बसा की आता." पण माझे पाय त्या खिळ्याकडे निघालेले असतात.